तांब्याच्या मागे मागे: स्कॉटलंडमधले सात दिवस

आमचं घराणं तांबटांचं. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजोबांचं दुकान होतं, बंब, घंगाळं, हंडे, कळशा सगळं करायचे आणि सुट्टीत मी तिथंच पडीक असायचो. वडील नोकरीत गेले, मी इंजिनिअर झालो, दुकान बंद झालं, पण तो मठाराचा, म्हणजे हातोडीनं तांबं ठोकून कडक करायचा, ठोक ठोक आवाज काही डोक्यातून गेला नाही. मग बऱ्याच वर्षांपूर्वी एका मासिकात स्कॉटलंडच्या डिस्टिलरीचा फोटो बघितला, दोन माणसं उभी राहतील एवढी तांब्याची भांडी, वर हंसासारख्या वळलेल्या माना, आणि पहिला विचार आला तो दारूचा नाही, हे ठोकलं कुणी आणि कसं हा आला. तेव्हापासून जायचं मनात होतं. यंदा मे महिन्यात जमलं. मामेभाऊ एडिंबरात राहतो, मी त्याला दादा म्हणतो, तो पीत नाही आणि गाडी तोच चालवणार होता, आणि ते बरंच झालं कारण स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून पिऊन गाडी चालवायची मर्यादा इंग्लंडपेक्षाही कडक आहे. त्यामुळे कुठली व्हिस्की कशी लागते हे यात फारसं सापडणार नाही, भांड्यांबद्दल मात्र भरपूर आहे.

दिवस पहिला: एडिंबरा ते डफटाउन

सकाळी सातला निघालो, फोर्थचा पूल ओलांडून फाइफमध्ये शिरलो आणि तासाभरात न्यूबर्ग गावात पोचलो. इथं लिंडोर्स ॲबीचे, म्हणजे जुन्या मठाचे, अवशेष आहेत, लाल दगडाच्या पडक्या भिंती आणि मधे गवत. १४९४ साली स्कॉटलंडच्या राजाच्या हिशेबवहीत एक नोंद आहे, राजाच्या हुकमावरून फ्रायर (मठातला साधू) जॉन कॉर याला ॲक्वा व्हिटी करण्यासाठी आठ बोल माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, दिलं. बोल हे त्यांचं धान्याचं जुनं माप, आपल्या पायली-खंडीसारखं. हा कॉर लिंडोर्सचाच असं इथं मानतात. स्कॉच व्हिस्कीचा सगळ्यात जुना लेखी पुरावा म्हणजे ही नोंद. म्हणजे बघा, पहिला उल्लेख कुठल्या कवितेत नाही, पाककृतीच्या पुस्तकात नाही, सरकारी खर्चाच्या वहीत आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटलं आणि पुढचे सहा दिवस ते सारखं आठवत राहिलं.

ॲक्वा व्हिटी म्हणजे लॅटिनमध्ये जीवनाचं पाणी, त्याचंच गेलिक भाषांतर उश्ग-बेहा, आणि त्या उश्गचं बोलता बोलता व्हिस्की झालं. मठांमधून ते औषध म्हणून काढायचे. ॲबीला लागूनच २०१७ मध्ये नवी डिस्टिलरी सुरू झालीये, तिथली भांडी नवी कोरी लखलखीत आहेत, पण मी जास्त वेळ बाहेरच्या पडक्या भिंतींपाशीच काढला.

मग पर्थवरून ए-नाइन रस्त्यानं उत्तरेला. डोंगर जवळ आले, झाडं संपली, आणि दुपारी डॅलव्हिनी डिस्टिलरी. ही १८९८ ची, पांढऱ्या भिंती आणि पॅगोडासारखी छपरं, ती छपरं सगळ्या स्कॉटलंडभर दिसतात आणि ती एल्गिनच्या चार्ल्स डॉइग नावाच्या आर्किटेक्टची, माल्ट वाळवायच्या भट्टीचा धूर नीट वर खेचला जावा म्हणून केलेली. पण मी थांबलो ते दर्शनी भागात ठेवलेल्या लाकडी टाक्या बघायला. भल्यामोठ्या गोल टाक्या, आत गार पाणी आणि त्यात वेटोळी घातलेली तांब्याची नळी. या नळीला वर्म म्हणतात. भांड्यातली वाफ मानेतून येते, या वेटोळ्यात शिरते, गार होते आणि खाली थेंब थेंब पडते. वाफ गार करायची ही सगळ्यात जुनी रीत. गोव्यात काजूच्या भट्टीवरही वाफ ज्या मडक्यात उतरते त्यावर बाहेरून गार पाणी ओततात, तत्त्व तेच.

या वर्मची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९८० च्या दशकात इथल्या टाक्या काढून आधुनिक कंडेन्सर बसवले, म्हणजे एका मोठ्या नळकांड्यात शेकडो बारीक तांब्याच्या नळ्या. काम झटपट व्हायला लागलं, पण दारूच बदलली, हलकी झाली, जुना भारदस्तपणा गेला. कारण गार पाण्याच्या त्या बारीक नळ्यांभोवती वाफेला तांबं जास्त लागतं आणि तांबं वाफेतली गंधकाची द्रव्यं शोषून घेतं, वर्ममध्ये ते कमी होतं. शेवटी १९९५ मध्ये टाक्या परत बसवल्या. गाइड मुलगी हे सांगत होती आणि मला आजोबा आठवत होते, ते म्हणायचे भांडं बदललं की पाण्याची चव बदलते, आणि आम्ही मुलं त्यांचं ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

दिवस दुसरा: रोथेस आणि क्रेगेलाखी

आज माझा खरा दिवस. डफटाउनमध्ये नाश्ता करून आधी रोथेसला गेलो. एवढंसं गाव, एक मोठा रस्ता, पण जगभरातल्या डिस्टिलऱ्यांची भांडी इथल्या फोरसाइथ्स कंपनीत घडतात. आत टूर नसते, मी फाटकाबाहेर रस्त्यावर उभा राहिलो. थोड्या वेळानं आतून ठोके ऐकू यायला लागले. एकसारखे नाहीत, तीन जलद मग एक दमाचा. दादा म्हणाला, "अरे, काय एवढं ऐकतोयस?" मी म्हटलं, "मठार चाललाय." पत्रा वेल्डिंगनं जोडला की त्या भागातलं तांबं मऊ पडतं, मग ते ठोकून ठोकून कडक करावं लागतं, आणि हे काम आजही हातोड्यानं होतं. आमच्याकडेही तेच, आधी तापवून मऊ करायचं, आकार द्यायचा, मग मठारून कडक करायचं, चमक नंतर येते. साडेसात हजार किलोमीटरवर तोच आवाज. मी बराच वेळ तिथून हललो नाही.

मग त्याच गावातली ग्लेन ग्रँट, १८४० ची. इथली भांडी सडपातळ आणि उंच आणि मानेच्या पुढे प्युरिफायर नावाचं एक जादा भांडं, त्याभोवती गार पाणी. जड वाफ तिथंच थिजून परत भांड्यात जाते, हलकी तेवढी पुढं. इथल्या गाइडनं भांड्याच्या आकाराचं सगळं नीट उलगडून सांगितलं म्हणून इथं लिहितो. मान उंच असेल तर जड वाफ वर पोचतच नाही, दारू हलकी येते. मान बुटकी असेल तर सगळं पुढं जातं, दारू जाड, तेलकट. मानेच्या खाली फुगा असेल तर वाफ तिथं घुटमळते. मानेपासून पुढं जाणारा हात वर चढता असेल तर हलकं, खाली उतरता असेल तर भारी. ग्लेनमोरांजी नावाच्या डिस्टिलरीत मान ५.१४ मीटर उंच आहे, आम्ही तिकडे गेलो नाही.

मी विचारलं, तांबंच का, स्टील का नाही, ते तर जास्त टिकेल. तो म्हणाला, टिकतं म्हणूनच नाही. तांब्याला वास धरायची आणि तो स्वतःत मुरवायची सवय आहे, ते गंधक खातं आणि स्वतः झिजतं. पंधरा-वीस-पंचवीस वर्षांत पत्रा इतका पातळ होतो की बदलावा लागतो, आणि सगळीकडे सारखा झिजत नाही, खांदा आणि मानेचा हात आधी जातो. नवं भांडं मग जुन्याच मापाचं. जुन्याला पोचा असेल तर नव्यालाही हातोड्यानं पोचा पाडतात अशी गोष्ट तिकडे सगळीकडे सांगतात. पोच्यानं फरक पडत असेल असं मला वाटत नाही, पण माप जसंच्या तसं ठेवायचा हट्ट मात्र मला शंभर टक्के पटतो.

दुपारी क्रेगेलाखीला स्पेसाइड कूपरेज, पिंपं बांधायचा कारखाना, १९४७ पासूनचा. वरच्या गॅलरीतून खाली काम बघता येतं. ना खिळा ना गोंद. ओकच्या फळ्या, लोखंडी पट्ट्या आणि गळती नको म्हणून सांध्यात दडपलेलं लव्हाळं. मुलं चार वर्षं उमेदवारी करून शिकतात आणि नंतर पिंपामागे पैसे, म्हणून हात असा चालतो की डोळ्यानं पकडता येत नाही. अमेरिकेत बर्बनसाठी, म्हणजे त्यांच्या मक्याच्या व्हिस्कीसाठी, कायद्यानं नवीनच जाळलेलं ओक लागतं, त्यामुळे तिकडची एकदा वापरलेली पिंपं इकडे येतात. २०० लिटरचं बॅरल, २५० चं हॉग्जहेड, ५०० चं शेरी बट. यात किमान तीन वर्षं राहिल्याशिवाय स्कॉच म्हणता येत नाही आणि दर वर्षी साधारण दोन टक्के उडून जातं, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात.

दिवस तिसरा: ग्लेनलिव्हेटचं खोरं

आज चालणं. ग्लेनलिव्हेटच्या आसपास चोरट्या वाटा आहेत, त्यावर आता पाट्या लावल्यात, पूर्वी याच वाटांनी रात्री तट्टांवर पिंपं लादून माल दक्षिणेला जायचा. पाऊस भुरभुरत होता, हेदरची खुरटी झुडपं, कुठंही आडोसा नाही, आणि तरी इथं शेकडो भट्ट्या चालायच्या म्हणे. ओढ्याकाठी गवतात लपवलेलं छोटं भांडं, सोबत वर्म आणि एक पिंप. दादा म्हणाला, ही तर आपली हातभट्टी. अगदी बरोबर, हातभट्टीच.

आणि हे असं का झालं हे समजून घेतलं की सगळी भांडी समजतात. १६४४ मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं दारूवर पहिला कर लावला. १७२५ मध्ये माल्टवरचा कर आला. १७८१ मध्ये घरच्यापुरती काढायलाही बंदी. मग १७८६ मध्ये सखल भागात कर लावला तो दारूवर नाही, भांड्याच्या मापावर, वर्षाला अमुक गॅलनच्या भांड्याला अमुक पैसे. लगेच लोकांनी काय केलं तर उथळ आणि पसरट भांडी करून घेतली, आपल्या परातीसारखी, खाली भडक जाळ, काही मिनिटांत एक घाणा उकळून काढायचा की लगेच दुसरा. दारू भिकार, जळकट, पण कर तेवढाच. म्हणजे कायदा लंडनमध्ये झाला आणि तांबटाला आकार बदलावा लागला! हे ऐकून मी वही काढली आणि पावसातच ते परातीसारखं भांडं काढून ठेवलं. डोंगरातल्या चोरट्या भट्टीवाल्याला ही घाई नव्हती, त्याचं भांडं लहान पण खोल, जाळ मंद, त्यामुळे चोरट्या मालाची चव सरकारी मालापेक्षा चांगली. चौथा जॉर्ज राजा १८२२ मध्ये एडिंबरात आला तेव्हा त्यानंही ग्लेनलिव्हेटच मागितली, जी बेकायदेशीर होती.

वर्म हा भट्टीतला सगळ्यात महाग आणि करायला अवघड भाग. नळी वाकवताना चेपू नये म्हणून आमच्याकडे आत राळ किंवा वाळू भरतात. इथं सांगतात की वर्म झिजलं की भट्टीवाला स्वतःच जाऊन अबकारीवाल्याला भट्टीचा पत्ता द्यायचा, बक्षिसाचे पाच पौंड घ्यायचा आणि त्यातून नवीन वर्म करून घ्यायचा.

१८२३ च्या कायद्यानं शेवटी गणित बदललं. वर्षाला १० पौंड लायसन्स फी, किमान ४० गॅलनचं भांडं आणि कर निम्म्याहून कमी. जॉर्ज स्मिथ या इथल्याच शेतकऱ्यानं १८२४ मध्ये लायसन्स घेतलं तर शेजारचे भट्टीवाले त्याला जाळून टाकायच्या धमक्या देऊ लागले, मग ॲबरलरच्या जमीनदारानं त्याला दोन पिस्तुलं दिली आणि तो ती कायम जवळ ठेवायचा. पलीकडच्या कार्डूमध्ये हेलन कमिंग नावाची बाई होती, अबकारीवाले आले की ती त्यांना घरात जेवायला बसवायची, पाव भाजतेय म्हणायची आणि मागच्या बाजूनं लाल झेंडा वर करायची, खोऱ्यातल्या सगळ्यांना इशारा. तिच्या सुनेनं, एलिझाबेथनं, पुढे जुनी भांडी विल्यम ग्रँटला विकली आणि त्यावर १८८७ च्या नाताळात ग्लेनफिडिक डिस्टिलरीची पहिली धार पडली.

मला इथं आपल्याकडचं आठवल्याशिवाय राहिलं नाही. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आणि मग ठाणे-कुलाब्याकडे १८९२ चा मोहफुलांचा कायदा, त्यानं आदिवासींची घरची मोहाची भट्टी गुन्हा झाली. त्यांना १० पौंडांचं लायसन्स घेऊन मोठं व्हायची वाट कुणी दिली नाही. स्कॉटलंडच्या हातभट्टीचं म्युझियम झालं, आपल्या हातभट्टीच्या बातम्या होतात. मोहाच्या दारूत काही कमी होतं म्हणून हे झालं असं मी मानत नाही.

संध्याकाळी एका स्टिलहाउसमध्ये, म्हणजे भट्टीघरात, स्पिरिट सेफ बघितली. पितळी चौकट, काचा, आत दोन-तीन वाडगे आणि तोट्या, बाहेरून मोठं कुलूप. भट्टीतून उतरणारी सगळी धार यातूनच जाते. आधी येणारं तीव्र, ते बाजूला. मधलं चांगलं, ते ठेवायचं. शेवटचं कमी जोराचं आणि वास मारणारं, ते परत पुढच्या घाण्यात. हे सगळं स्टिलमनला बाहेरून तोटी फिरवून करावं लागतं, चाखता येत नाही, हात लावता येत नाही, काचेतून घनतामापक बघायचा आणि पाणी मिसळून धार ढगाळते का ते बघायचं. कारण कुलपाची किल्ली पूर्वी अबकारी अधिकाऱ्याकडे असायची. १९८० च्या दशकापर्यंत प्रत्येक डिस्टिलरीत सरकारी अधिकारी राहायलाच असायचा. पितळेचं काम इतकं सुरेख की देव्हाऱ्यासारखं वाटतं, पण आहे ती कराची पेटी.

दिवस चौथा: नुसता रस्ता

सहा तास गाडीत. दादानं विचारलं, मग आता एवढी सगळी व्हिस्की अशा भांड्यांतूनच येते का. नाही. १८३० मध्ये एनिस कॉफी यानं उभा स्तंभ असलेलं यंत्र पेटंट केलं, एकीकडून आंबवण आत, दुसरीकडून दारू बाहेर, थांबायचं नाही. हा कॉफी आधी डब्लिनमध्ये अबकारी खात्यातच होता! त्या यंत्रातली स्वस्त धान्याची दारू आणि पॉट स्टिलची, म्हणजे या तांब्याच्या भांड्यांतली, माल्ट व्हिस्की मिसळून ब्लेंड झाली आणि तीच जगभर गेली. पॉट स्टिल टिकली ती चवीसाठी.

केनाक्रेग बंदरात पोचलो तर वाऱ्यामुळे आयला बेटाकडे जाणारी संध्याकाळची बोट रद्द. टार्बर्टमध्ये कशीबशी खोली मिळाली.

दिवस पाचवा: आयला

सकाळची बोट मिळाली, दोन-सव्वादोन तास. उतरल्या उतरल्या हवेत धूर. पीटचा. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेलं शेवाळ, गवत, हेदर. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतं. वसंतात लांब दांड्याच्या फावड्यानं विटांसारखं कापून उन्हाळाभर वाळवत ठेवतात. रस्त्याच्या कडेला त्या काळ्या विटा रचलेल्या दिसल्या, आपल्याकडे शेणी रचतात तशा.

लॅफ्रोइग डिस्टिलरीत अजून थोडं माल्ट जमिनीवर करतात. बार्ली दोन-तीन दिवस भिजवायची, मग फरशीवर वीतभर थरात पसरायची. त्याला मोड येतात. मोड आले की दाणा गरम होतो आणि मुळं एकमेकांत गुंततात, म्हणून दर काही तासांनी लाकडी फावड्यानं उलटायचं, दिवसा आणि रात्री. मला फावडं हातात दिलं. दहा मिनिटांत खांदा भरून आला. वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्यांचा एक खांदा खाली उतरायचा, त्याला मंकी शोल्डर म्हणायचे. लाकडीच फावडं का, तर दाणा चिरडू नये आणि फरशीवर ठिणगी नको. आई मटकीला मोड आणते तेव्हा फडकं उघडून मधे मधे हलवते ते हेच, फक्त इथं टनावारी. मग हिरवं माल्ट जाळीवर आणि खाली पीटचा धूर. भट्टीच्या दारात उभं राहून आत बघितलं, डोळे चुरचुरले, शर्टाचा वास पुण्यात धुतला तेव्हा गेला.

ब्रुइखलॅडी १८८१ ची, तिथलं ओतीव लोखंडाचं उघडं मॅश टन बघायलाच पाहिजे. दळलेलं माल्ट साधारण ६३ अंशाच्या पाण्यात, वर फिरणारे दाते, गोड काढा खाली आणि चोथा गाईंना. मग वॉशबॅक नावाच्या लाकडी टाक्यांमध्ये यीस्ट घालून दोन-तीन दिवस. झाकण उघडून वाकलो तर कार्बन डायऑक्साइडनं नाकात झिणझिण्या. तयार होतं ते आठ टक्क्यांचं आंबट बिअरसारखं आंबवण, पहिल्या भांड्यातून वीस-पंचवीस टक्के, दुसऱ्यातून सत्तरच्या आसपास.

दिवस सहावा

पाऊस. बोमोर गावातलं १७६७ चं गोल चर्च बघितलं, सैतानाला लपायला कोपरा नको म्हणून गोल. शेजारच्या डिस्टिलरीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर गावाचा पोहायचा तलाव गरम होतो, गावची म्हातारी माणसं तिथं पोहत होती. दुपारची बोट वेळेवर सुटली.

दिवस सातवा: कॅम्पबेलटाउन

हे गाव एकेकाळी व्हिस्कीची राजधानी होतं, वीसच्या वर डिस्टिलऱ्या, आता तीन. १९२० मध्ये मासाताका ताकेत्सुरू नावाचा जपानी तरुण इथल्या हेझलबर्नमध्ये शिकायला राहिला आणि त्यानं वहीत सगळं टिपून नेलं, भांड्यांच्या आकृत्यांसकट. जपानची व्हिस्की त्या वहीतून उभी राहिली. हेझलबर्न आता नाही. माझी वही खिशात होती, मी ती उगाच चाचपली.

स्प्रिंगबँक १८२८ ची, इथं सगळं माल्ट स्वतःच्या फरशीवर होतं. मला बघायचा होता रमेजर. पहिल्या भांड्याखाली अजूनही थेट जाळ आहे, आणि आंबवणातला गाळ बुडाला लागून करपू नये म्हणून आत तांब्याच्या कड्यांची साखळी गोल गोल फिरत बूड घासत राहते. खीर लागू नये म्हणून उलथनं फिरवत राहतो ना, तसं. भांड्यापाशी कान नेला तर आतून सतत घरघर. घासून घासून बुडाचं तांबंही झिजतं, पण सतत उघडं पडणारं ताजं तांबं दारूला लागतं असंही ते म्हणाले.

तिथं बाकीचे लोक पुढं गेल्यावर मी तिथल्या कामगाराला सांगितलं की आमचे आजोबा तांबट होते. त्यानं बंद असलेल्या दुसऱ्या भांड्याकडे बोट केलं, हात लाव म्हणाला. गार होतं. आजोबांनी शिकवलं तसं मधल्या बोटाच्या पेरानं पोटावर टकटक केलं, खोल आवाज. मग जरा वर, खांद्याला, आवाज चढा. तो हसून म्हणाला, "हो, तिथंच आधी पातळ होतं."

मी विचारलं, जुनं झालं की काय करता. तो म्हणाला, भंगारात जातं, वितळून परत पत्रा होतो. आमच्या दुकानात गिऱ्हाईक फुटका हंडा घेऊन यायचं, आजोबा तो तराजूत टाकायचे आणि नव्या हंड्याच्या किमतीतून वजा करायचे, त्याला आम्ही मोड म्हणतो. मी त्याला तो शब्द सांगितला, आणि बार्लीला फुटतो त्यालाही मोडच म्हणतात हेही सांगितलं. त्यानं दोनदा म्हणून बघितला, मोड, मोड. बाहेर दादा गाडी चालू करून उभा होता.